एएफएमसी की केईएम? मुलीच्या वैद्यकीय प्रवेशाविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे

कृष्णाकाठची_शिक्षिका

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझ्या मुलीला यंदा नीटमध्ये चांगले गुण मिळाले आहेत. मागील वर्षांचे आकडे पाहता राज्याच्या कोट्यातून तिला मुंबईचे केईएम किंवा पुण्याचे बी. जे. मिळू शकेल, असे तिच्या शिक्षकांचे मत आहे. आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी डॉक्टर होणार असल्यामुळे यापैकी कोणतेही महाविद्यालय मिळाले तरी आम्हाला आनंदच आहे. मात्र मुलीच्या मनात पुण्याच्या वानवडीतील सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी, आहे आणि ते आजचे नाही. माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या हृदयविकारावर लष्करी रुग्णालयात उपचार चालू होते, तेव्हा ती सातवीत होती आणि तेथील एका महिला डॉक्टरांनी आजोबांना उठून उभे राहत "साहेब, बसा" म्हटलेले तिने पाहिले. तेव्हापासून तिने हेच धरून ठेवले आहे.

माझ्या यजमानांचे म्हणणे असे की, केईएम मिळत असताना सात वर्षांच्या सेवेची अट मुलीच्या गळ्यात का घालायची. दिरांचे म्हणणे याच्या उलट आहे. मला स्वतःला पुढील गोष्टी कळत नाहीत. एएफएमसीचा पर्याय भरल्यास राज्यातील प्रवेशावर परिणाम होतो का? मुलगी दहावीपर्यंत सेमी इंग्रजीत शिकली आहे; तिला इंग्रजी वाचलेले समजते, पण बोलताना ती अडखळते; तिचा मुलाखतीत कितपत निभाव लागेल? आणि सात वर्षांची सेवा मुलीच्या आयुष्यात प्रत्यक्षात कशी जाते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

वानवडी_जुना_विद्यार्थी

ताई, मी एएफएमसीचा माजी विद्यार्थी असून आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालो आहे. आपल्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगावा.

आधी संस्थेविषयी थोडे सांगतो, कारण बहुतेक पालक तिला "फुकट शिक्षण देणारे कॉलेज" म्हणून ओळखतात आणि तेथूनच गैरसमजाला सुरुवात होते. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या समितीच्या शिफारशीनुसार 1 मे 1948 रोजी ही संस्था सुरू झाली आणि एमबीबीएसचे शिक्षण तेथे 1962 पासून दिले जाऊ लागले. लष्कराला, नौदलाला आणि हवाई दलाला स्वतःचे डॉक्टर घडवायचे होते, त्यासाठी ते सुरू केले गेले. शिकवणी शुल्क नाही, राहण्याची व्यवस्था संस्थेची, हे सर्व खरे आहे. पण त्यामागे सेवेचा करार आहे आणि तो प्रवेशाच्या दिवशीच सही करून द्यावा लागतो. सर्वांनाच कमिशन, म्हणजे सैन्यदलातील अधिकारीपद, घ्यावे लागते. काहींना कायम कमिशन मिळते, बाकीच्यांना सात वर्षांचे शॉर्ट सर्व्हिस. मध्येच सोडायचे ठरवले तर बाँडची रक्कम भरावी लागते आणि ती लाखांच्या घरात असते. तेव्हा पैसे वाचतात म्हणून कोणी एएफएमसी निवडू नये, असे मी माझ्या पुतण्यालाही सांगितले होते. शासकीय महाविद्यालयांचे शुल्क मध्यमवर्गीयांना पेलण्यासारखे असते.

आता आकडे. दरवर्षी 150 विद्यार्थी घेतले जातात. त्यांपैकी 5 जागा मित्रराष्ट्रांच्या विद्यार्थ्यांच्या असतात, 115 मुलांच्या आणि 30 मुलींच्या. साऱ्या देशातून तीसच मुली घेतल्या जात असल्यामुळे मुलींना बोलावणे येण्यासाठी नीटचे गुण मुलांपेक्षा बरेच जास्त लागतात. जातनिहाय किंवा राज्यनिहाय आरक्षण येथे नाही. उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि बारावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेला असावा लागतो.

निवडीची रीत समजून घ्यावी, कारण आपल्या इंग्रजीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर तीत आहे. नीटचे 720 गुण आणि इंग्रजी, आकलन व तर्क यांच्या संगणकावरील चाचणीचे 80 गुण मिळून 800 होतात. ही चाचणी अर्ध्या तासाची असते आणि तीत 40 प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. या 800 चे रूपांतर 200 मध्ये करतात आणि त्यात मुलाखतीचे 50 गुण मिळवून 250 पैकी अंतिम यादी लावतात. कागदावर मांडून पाहा: मुलाखतीतील एक गुण नीटच्या चार गुणांइतका पडतो. नीटमध्ये वीस गुणांनी मागे असलेली मुलगी मुलाखतीत पाच गुण जास्त मिळवून बरोबरीला येते आणि हे उलट दिशेनेही तितकेच खरे आहे. मानसशास्त्रीय चाचणीही होते, पण तिचे गुण या बेरजेत नसतात.

म्हणून आपली मुलगी इंग्रजी बोलताना अडखळते, ही गोष्ट किरकोळ समजू नका. पण घाबरूही नका. मंडळासमोर सफाईदार उच्चारांपेक्षा विचारांची सरळ मांडणी अधिक उपयोगी पडते. आतापासून रोज अर्धा तास घरातील कोणाशी तरी, अगदी आजोबांशीसुद्धा, तिने इंग्रजीत बोलावे.

नीरेकाठची_आई

वरील सर्व माहिती उत्तम आहे, परंतु एक टप्पा राहिला आहे आणि आमच्या घरी नेमके त्याच टप्प्यावर सारे थांबले, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मुलगा चौथीत असताना चिंचेच्या झाडावरून पडला आणि त्याचा डावा कोपर मोडला. तालुक्याच्या दवाखान्यात प्लास्टर घातले, सहा आठवड्यांनी ते काढले, हात पूर्वीसारखा चालू लागला आणि आम्ही ते विसरून गेलो. तो क्रिकेट खेळला, विहिरीत पोहला, सायकलवरून शाळेला गेला. हाताची तक्रार त्याने कधीच केली नाही. नीट झाली, एएफएमसीचे बोलावणे आले, संगणकावरील चाचणी आणि मुलाखत दोन्ही चांगल्या गेल्या, यादीत नाव लागले आणि आम्ही गावात पेढेसुद्धा वाटले. त्यानंतर वैद्यकीय मंडळापुढे डॉक्टरांनी त्याला दोन्ही हात सरळ समोर धरून तळवे वर करायला सांगितले आणि कोन मोजायच्या साधनाने कोपराचे माप घेतले. डावा हात किंचित आत वळलेला होता. आठ वर्षे एका ताटात जेवलेल्या आम्हाला जे दिसले नव्हते, ते त्यांना एका मिनिटात दिसले. अपात्र ठरवले. आम्ही अपील केले, दुसऱ्या मंडळानेही तोच निष्कर्ष दिला. त्या डॉक्टरांविषयी माझी तक्रार नाही. नियम त्यांनी केलेले नाहीत आणि ते माझ्या मुलाशी अतिशय आपुलकीने बोलले.

तक्रार आहे ती आम्हाला प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या गृहस्थांविषयी. भरपूर पैसे घेऊन त्यांनी सांगितले होते की, मुलाचे एएफएमसी निश्चित आहे, राज्याचा अर्ज भरण्याची धावपळ करू नका. माझ्या मावसभावाने नोंदणीच्या शेवटच्या दिवशी रात्री हट्टाने बसवून राज्याचा अर्ज भरून घेतला. आज मुलगा एका शासकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे, तो केवळ त्या एका रात्रीमुळे.

ताई, आपल्याला मनापासून विनंती अशी की, बोलावण्याची वाट न पाहता याच आठवड्यात मुलीची तपासणी करून घ्या. डोळ्यांचा नंबर, कान, उंचीच्या प्रमाणात वजन, गुडघे, पाठीचा कणा आणि लहानपणी एखादे हाड मोडले असल्यास ते. कानातील मळ किंवा वाढलेले वजन यावर वेळेत उपाय होतो. कोपरासारखी गोष्ट असेल तर ती आधी कळलेली बरी, म्हणजे मुलांची मने तरी तयार राहतात.

लातूर_भौतिकशास्त्र

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि दरवर्षी निकालानंतर विद्यार्थ्यांसोबत बसून अर्ज भरतो. ताईंच्या पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे तर: नाही, परिणाम होत नाही. एएफएमसीसाठी एमसीसीच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या केंद्रीय समितीच्या, संकेतस्थळावर नोंदणी करून तो पर्याय निवडावा लागतो. तेथूनच अखिल भारतीय 15 टक्के जागा, एम्स आणि अभिमत विद्यापीठे यांचेही प्रवेश होतात. राज्याच्या 85 टक्के जागांची नोंदणी सीईटी सेलकडे, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाकडे, वेगळी करायची असते. दोन्हीकडे नाव नोंदवण्यास कोणतीही आडकाठी नाही आणि नीरेकाठच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडे नोंदवलेच पाहिजे.

गोंधळ होतो तो पुढे, जागा मिळाल्यावर. राज्याच्या पहिल्या फेरीत महाविद्यालय मिळाले आणि प्रवेश घेतला की मूळ कागदपत्रे तेथे जमा होतात. एएफएमसीलाही मूळ कागदपत्रेच लागतात. त्यामुळे प्रवेश रद्द करून कागदपत्रे परत घेण्याची मुदत कोणत्या फेरीपर्यंत आहे आणि त्यानंतर काय दंड आहे, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचून कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावे. मागील वर्षाचे माहितीपत्रक वापरू नये. प्रवेश घेताना स्टेटस रिटेन्शनचा अर्ज पुढे केला जातो. तो भरला म्हणजे आहे तीच जागा कायम झाली आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद झाले. अनेक पालक तो नेहमीचा कागद समजून सही करतात. गेल्या वर्षी एका मुलाच्या वडिलांनी माझ्यासमोर पेन उघडले होते, मी त्यांचा हात धरला.

पसंतीक्रमाविषयी मला जरा कळकळीने लिहायचे आहे. "आपल्या गुणांना जे मिळेल तेच वर टाका, नाहीतर नंबर वाया जातो" हा समज गावोगाव पसरला आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. संगणक गुणवत्तायादीतील क्रमाने एकेका उमेदवाराकडे येतो आणि त्याच्या यादीतील पहिल्या पसंतीची जागा शिल्लक आहे का ते पाहतो. नसेल तर दुसरी, मग तिसरी. वरची पसंती न मिळाल्याने खालच्या पसंतीवरील आपला हक्क कमी होत नाही. म्हणून मुलीला खरोखर जे महाविद्यालय सर्वांत जास्त हवे ते वर, त्यानंतर जे हवे ते त्याखाली, एवढेच करायचे असते. केईएमची 250, जे. जे.ची 250, बी. जे.ची 250, शीवची 200, नायरची 150 अशी विद्यार्थीसंख्या मोठी आहे. तरीही प्रवर्गनिहाय वाटणी झाल्यावर एकेका प्रवर्गाला किती कमी जागा उरतात, हे पाहिले म्हणजे पहिल्या पाच पसंतींवरच थांबू नये हे पटेल. 70 टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना देणारा 70:30 चा प्रादेशिक कोटा 2020 मध्ये रद्द झाल्यापासून सांगलीच्या मुलीला मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर सारखेच खुले आहे.

कागदपत्रांबाबत थोडेच लिहितो. अधिवास प्रमाणपत्र, नॉन क्रीमी लेयरची वैधता, जातवैधता हे सर्व जण पाहतातच. अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातील लागते, राज्याचे चालत नाही. आणि एसईबीसी हा प्रवर्ग राज्यापुरताच आहे.

ताईंना लागू नाही, पण येथे वाचणाऱ्या दहावीच्या पालकांसाठी एक गोष्ट: बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेली नसेल, तर काही मोजके अपवाद सोडता राज्याच्या 85 टक्के जागांवर हक्क राहत नाही. कोटा किंवा हैदराबाद येथे शिकवणीसाठी पाठवताना मुलाचे नाव तेथीलच शाळेत घातले, तर दोन वर्षांनी हा धक्का बसतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत हे घडले आहे; केईएमला पुरतील इतके गुण असूनही त्याला राज्याच्या यादीत स्थान नव्हते.

माणदेशी_डॉक्टर

ताई, तुमचा तिसरा प्रश्न माझ्यासाठी आहे, असे समजून लिहिते. मी माण तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत शिकले, एएफएमसीतून एमबीबीएस केले, सात वर्षांचे शॉर्ट सर्व्हिस पूर्ण केले आणि आता बाहेर पडून पदव्युत्तर शिक्षण घेते आहे.

आमच्या वेळी लेखी परीक्षेचे स्वरूप वेगळे होते, मुलाखत मात्र होती. मला गावाविषयी विचारले गेले. मी दुष्काळाचे सांगू लागले आणि चारा छावणीला इंग्रजीत काय म्हणतात ते काही केल्या आठवेना, म्हणून "छावणी" हाच शब्द वापरला. समोरचे अधिकारी उत्तरेकडचे होते. त्यांना वाटले, आमच्या गावाजवळ लष्कराची छावणी आहे, आणि त्यांनी कोणती पलटण असते असे विचारले. मी क्षणभर गोंधळले, मग सांगितले की, ती माणसांची नव्हे, जनावरांची छावणी असते. चारा-पाण्याअभावी लोक गुरे घेऊन महिनोन्महिने तेथे राहतात आणि मीही सुट्टीत वडिलांना डबा घेऊन जायचे. त्यानंतरची दहा मिनिटे त्यांनी मला याच विषयावर विचारले: पाणी कोठून येते, गुरे आजारी पडली तर काय करतात, माणसे आजारी पडली तर काय करतात. माझे व्याकरण चुकत होते हे मला कळत होते, पण विषय माझा होता. तुमच्या मुलीने पाठ केलेली उत्तरे नेऊ नयेत. आजोबांच्या रुग्णालयातील तो प्रसंग तिचा आहे. तो तिने स्वतःच्या शब्दांत इंग्रजीत सांगून पाहावा.

आता सात वर्षे. वर सरांनी कराराविषयी लिहिले ते बरोबर आहे, पण त्याची किंमत कशात मोजली जाते हेही सांगायला हवे. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर राज्याची एक वर्षाची सेवा असते. येथे सात वर्षे आहेत. माझ्या शाळेतील ज्या मैत्रिणीने शासकीय महाविद्यालय निवडले, ती एकतिसाव्या वर्षी तज्ज्ञ डॉक्टर म्हणून काम करत होती. मी त्याच वयात नीट पीजीचा अभ्यास करत होते. सेवेत असतानाही पदव्युत्तर शिक्षणाची संधी असते, परंतु ती आपल्या सोयीच्या वर्षी मिळेल असे नाही. लग्नाची बोलणी, आईचे आजारपण, धाकट्या भावाची मुंज, यांपैकी बऱ्याच गोष्टी मी फोनवरून पार पाडल्या. हे मुलीला आज सतराव्या-अठराव्या वर्षी पूर्ण कळणार नाही. म्हणून तुम्ही तिला ते सांगितले पाहिजे, अडवण्यासाठी नव्हे, तर नंतर तिला फसवले गेल्यासारखे वाटू नये म्हणून.

आणि मला पुन्हा निवड करायची वेळ आली तर मी तेच निवडेन. लखनौचे प्रशिक्षण संपल्यावर पहिल्याच नेमणुकीत, मी पंचवीस वर्षांचीही नव्हते, तेव्हा उंचावरच्या एका ठाण्यावर सातशे-आठशे माणसांची एकटी डॉक्टर होते. पहाटे तीन वाजता एका जवानाला श्वास घेता येईना. हेलिकॉप्टर उजाडल्याशिवाय येऊ शकत नव्हते. ऑक्सिजन, औषधे आणि मी, एवढेच होते. माझा नर्सिंग असिस्टंट कोल्हापूरकडचा होता. तो दर पंधरा मिनिटांनी ऑक्सिजनचे प्रमाण मराठीत मोठ्याने सांगत होता आणि मी ते वहीत लिहीत होते. साडेसहाला हेलिकॉप्टरचा आवाज आला. तो जवान नंतर बरा होऊन पलटणीत परतला. इतकी जबाबदारी इतक्या लवकर मला दुसरीकडे कोठे मिळाली असती, असे मला वाटत नाही.

मुलगी म्हणून दार अरुंद आहे, हे तीस जागांवरून दिसतेच. पुढे मात्र वाटा आहेत. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर एएफएमसीच्याच. त्या तेथे अधिष्ठाता होत्या आणि निवृत्तीनंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन यांनी 2024 मध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेचे सर्वोच्च पद स्वीकारले; त्या पदावरील त्या पहिल्या महिला आणि त्याही वानवडीतच शिकलेल्या. तुमच्या यजमानांना हे जरूर सांगा.

वानवडी_जुना_विद्यार्थी

माणदेशी डॉक्टरांनी लिहिलेले पदव्युत्तर शिक्षणाचे वास्तव मी मांडायला हवे होते. ते माझ्याकडून राहिले. माझ्या काळातील कायम कमिशनच्या अनुभवावरून मी लिहिले, आणि शॉर्ट सर्व्हिस करून बाहेर पडणाऱ्यांना ही गोष्ट अधिक जाणवते, हे मान्य आहे.

कृष्णाकाठची_शिक्षिका

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्री हे सारे मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. रात्रीच्या हेलिकॉप्टरचा भाग आला तेव्हा सासरे उठून अंगणात गेले. ते सियाचीनला होते, त्याविषयी ते कधी फारसे बोलत नाहीत. यजमान बराच वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी एकच विचारले की, पोरीला एकतिसाव्या वर्षापर्यंत शिकायची तयारी आहे का. तिने आहे म्हणून सांगितले. त्यावर ते म्हणाले की, मग दोन्ही अर्ज भरा आणि केईएमही सोडू नका.

आज सकाळी मिरजेला जाऊन डोळे व कान दाखवून आलो. डाव्या कानात मळ होता, तो काढला. नंबर वाढलेला नाही. पहिलीत असताना तिचे मनगट मोडले होते, हे मला नीरेकाठच्या ताईंचे वाचल्यावर आठवले. अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ शुक्रवारची मिळाली आहे.

लातूरच्या सरांना एक शंका: तिच्या दहावीच्या गुणपत्रकावर आईचे नाव आहे आणि जन्मदाखल्यावर माझे नाव माहेरच्या नावाने लागले आहे. यासाठी आताच काही करून ठेवावे का?

लातूर_भौतिकशास्त्र

ताई, प्रवेशात दहावीचे प्रमाणपत्र, नीटचा अर्ज आणि आधार यांवरील मुलीच्या नावाचा मेळ आधी पाहिला जातो. तो जुळत असेल तर मोठी अडचण नाही. तरीही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तहसील कार्यालयातून करून घ्या, सोबत विवाह नोंदणीची प्रत जोडा आणि फाइलमध्ये जन्मदाखल्याच्या मागेच ठेवा. एएफएमसीच्या अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच, अक्षर न अक्षर, भरा.